हझानाचा स्वर : ज्यू प्रार्थनागायन ऐकताना आणि शिकताना

ज्यू धर्मीयांच्या प्रार्थनामंदिरात, म्हणजेच सिनेगॉगमध्ये, शब्बाथच्या दिवशी प्रथमच जाणाऱ्या भारतीय श्रोत्याला सर्वात आधी जाणवते ती वाद्यांची अनुपस्थिती. पेटी नाही, टाळ नाहीत, ठेका धरणारे कोणतेही साधन नाही. जेरुसलेम येथील दुसऱ्या मंदिरात लेवी घराण्यातील गायक आणि वादक सेवा करीत असत. इसवी सन ७० मध्ये रोमन सैन्याने ते मंदिर उद्ध्वस्त केले आणि वाद्यांची ती परंपराही खंडित झाली. त्या विध्वंसाचा शोक आणि शब्बाथचे धार्मिक निर्बंध, या दोन्ही कारणांमुळे परंपरानिष्ठ सिनेगॉगमध्ये शब्बाथ व सणांच्या प्रार्थनेत आजही वाद्य वाजविले जात नाही. उरतो तो केवळ मानवी कंठ. समुदायाच्या वतीने हा कंठ वापरणाऱ्या व्यक्तीस ‘हझान’ असे म्हणतात.

हझान हा शब्द मुळात गायकासाठी नव्हता. तालमूदच्या काळात सिनेगॉगची व्यवस्था पाहणाऱ्या सेवकाला ही संज्ञा होती. प्रार्थनेचे नेतृत्व करणाऱ्यास ‘श्लिआह त्सिब्बूर’, अर्थात समुदायाचा दूत, असे म्हटले जाई. हस्तलिखित प्रार्थनाग्रंथ दुर्मिळ होते आणि सर्वांनाच हिब्रू प्रार्थना पाठ असत असे नाही. अशा वेळी एकाने प्रार्थना उच्चारावी आणि इतरांनी ‘आमेन’ म्हणून ती आपलीशी करावी, ही धर्मशास्त्राने मान्य केलेली सोय होती. त्यामुळे हझानाचा स्वर हा कलेचा विषय होण्यापूर्वी जबाबदारीचा विषय होता.

पाऊस न पडल्यामुळे सार्वजनिक उपवास करण्याची वेळ आली, तर प्रार्थनेसाठी कोणाला पुढे उभे करावे, याची चर्चा तालमूदच्या तआनीत या भागात आहे. दुष्काळ पाहिलेल्या वाचकाला ती सहज समजेल. ज्याच्या घरी खाणारी तोंडे आहेत पण मिळकत नाही, जो शेतात राबतो, ज्याचे तारुण्य निष्कलंक आहे, जो नम्र आहे आणि लोकांना मान्य आहे, असा मनुष्य तेथे अपेक्षिला आहे. गोड आवाज आणि गायनाचे कौशल्य हे गुणही यादीत आहेत. परंतु ते बरेच नंतर येतात. आवाज महत्त्वाचा की माणूस, या प्रश्नावरील वाद तेव्हापासून आजतागायत मिटलेला नाही.

या गायनाचा आस्वाद घ्यावयाचा असल्यास ‘नुसाह’ ही संकल्पना समजून घेणे आवश्यक ठरते. नुसाह म्हणजे विशिष्ट दिवसाच्या विशिष्ट प्रार्थनेसाठी परंपरेने ठरलेली स्वरपद्धती. तेच शब्द आठवड्याच्या साध्या दिवशी एका चालीत, शब्बाथला दुसऱ्या चालीत आणि नववर्ष व प्रायश्चित्ताच्या दिवसांत तिसऱ्याच चालीत म्हटले जातात. जाणकाराला शब्द ऐकू आले नाहीत, तरी केवळ स्वरावलीवरून तो दिवस आणि बहुधा प्रहरही ओळखू शकतो. रागसमयाच्या कल्पनेशी परिचित असलेल्या भारतीय श्रोत्याला हे नवे वाटणार नाही. नुसाहमध्ये संपूर्ण चाल बांधलेली नसते. ठराविक स्वरवाक्ये, काही मुक्कामाचे स्वर आणि आशीर्वचनापूर्वी येणारे समाप्तीचे वळण एवढेच निश्चित असते. मधला विस्तार हझानाने करावयाचा असतो. समाप्तीच्या वळणाला ‘हातिमा’ म्हणतात. ते येताच उपस्थितांना आपण ‘आमेन’ कोठे म्हणायचे हे आपोआप कळते. समेवर येणाऱ्या गायकासाठी श्रोते जशी मान सज्ज ठेवतात, तसाच हा प्रकार आहे.

पूर्व युरोपातील अश्केनाझी ज्यूंच्या परंपरेत या स्वरपद्धतींना ‘श्टायगर’ असे नाव आहे. त्यांपैकी ‘अहावा राब्बा’ ही सर्वाधिक ओळखीची. कोमल ऋषभ, शुद्ध गंधार, शुद्ध मध्यम, पंचम, कोमल धैवत आणि कोमल निषाद हा तिचा ढाचा आहे. हिंदुस्थानी संगीतातील बसंत मुखारी आणि कर्नाटक संगीतातील वकुलाभरणम् यांचे स्वर हेच होत. अरबी संगीतातील हिजाझ मकामाशीही तिचे जवळचे साम्य आहे. अर्थात स्वर सारखे म्हणून संगीत एक, असे म्हणता येत नाही. कोमल ऋषभावरून षड्जावर उतरताना हझान आवाजात जो हुंदका आणतो, तो रागसंगीताच्या आंदोलनापेक्षा निराळा आहे. यिद्दिश भाषेत त्याला ‘क्रेख्त्स’ म्हणजे कण्हणे असे म्हणतात. ‘मागेन आवोत’ ही पद्धती साधारणपणे आसावरी थाटाच्या जवळ जाते, तर ‘अदोनाय मालाख’ खमाजची आठवण करून देते.

धर्मग्रंथाचे वाचन ही मात्र वेगळी शाखा आहे. तोराहचे वाचन ‘तआमीम’ नावाच्या चिन्हांनुसार केले जाते. ही चिन्हे एकाच वेळी स्वराघात, विरामचिन्हे आणि स्वरलिपी अशी तिन्ही कामे करतात. गालील सरोवराकाठच्या तिबेरियास नगरातील विद्वानांनी, विशेषतः बेन आशेर घराण्याने, दहाव्या शतकापर्यंत त्यांना निश्चित रूप दिले. तथापि सिनेगॉगमध्ये वाचल्या जाणाऱ्या चर्मपत्राच्या गुंडाळीवर ना ही चिन्हे असतात, ना स्वर. तेथे केवळ व्यंजने लिहिलेली असतात. वाचकाला सर्व काही आधी पाठ करावे लागते. सरावासाठी ‘तिक्कून’ नावाचा ग्रंथ वापरतात. त्यात एकच मजकूर दोन स्तंभांत, एकदा चिन्हांसह आणि एकदा चिन्हांविना छापलेला असतो. वाचन चालू असताना शेजारी उभी असलेली व्यक्ती अर्थ बदलणारी चूक होताच थांबवते आणि ती जागच्या जागी सुधारावी लागते. तेरा वर्षांचा मुलगा बार मित्स्वाच्या दिवशी घामाघूम का होतो, हे यावरून लक्षात यावे.

या चिन्हांपैकी ‘शालशेलेत’, म्हणजे साखळी, हे चिन्ह तोराहमध्ये केवळ चार ठिकाणी येते. वाचक तेथे एकाच अक्षरावर लांबलचक, वर-खाली जाणारी तान घेतो. विनाशाच्या उंबरठ्यावरील सदोम नगर सोडताना लोट रेंगाळतो, तेथे ते आहे. धन्याच्या पत्नीला योसेफ नकार देतो, तेथेही आहे. मजकुरात फक्त ‘तो रेंगाळला’ किंवा ‘त्याने नकार दिला’ एवढाच शब्द आहे. मनातील चलबिचल स्वरातून व्यक्त होते, असे भाष्यकार सांगतात. ग्रंथाचा अर्थ लावण्याचे काम येथे चाल करते.

नवख्या श्रोत्याने आरंभ कोठून करावा, असे विचारल्यास बहुतेक जाणकार ‘कोल निद्रे’चे नाव घेतील. योम किप्पूर या प्रायश्चित्तदिनाच्या पूर्वसंध्येला, सूर्यास्तापूर्वी, हे गायन सुरू होते. त्याचे शब्द आरामाईक भाषेत असून ते वस्तुतः प्रार्थनेचे नव्हेत. पाळता न आलेल्या नवसांतून मुक्तता मागणारा तो एक कायदेशीर मसुदा आहे. इतक्या रुक्ष मजकुराला इतकी हृदयस्पर्शी चाल लाभावी, हे धार्मिक संगीताच्या इतिहासातील एक नवलच म्हटले पाहिजे. हझान तो तीन वेळा म्हणतो. प्रथम अगदी हलक्या आवाजात, नंतर किंचित मोठ्याने आणि अखेर पूर्ण कंठाने. जर्मन संगीतकार माक्स ब्रुख यांनी १८८० मध्ये याच चालीवर चेलो आणि वाद्यवृंदासाठी रचना केली. ब्रुख स्वतः ज्यू नव्हते; बर्लिनमधील एका हझानाकडून त्यांना ही चाल मिळाली होती.

एकोणिसाव्या शतकात या गायनाला नवे वळण मिळाले. व्हिएन्ना येथे १८२६ मध्ये सुरू झालेल्या सिनेगॉगचे हझान सालोमोन सुल्झर यांनी जुन्या चाली शुद्ध करून चार आवाजांच्या गायकवृंदासाठी बांधल्या. फ्रान्झ शुबर्ट यांनी १८२८ मध्ये, म्हणजे मृत्यूच्याच वर्षी, त्यांच्यासाठी ९२ वे स्तोत्र हिब्रू शब्दांसह स्वरबद्ध केले. बर्लिनमध्ये लुईस लेवांडोव्स्की यांनी हेच काम पुढे नेले.

हझानगायनाचा सुवर्णकाळ मात्र साधारणपणे विसाव्या शतकाची पहिली चार दशके मानला जातो. त्याला कारण ठरले ग्रामोफोन. सिनेगॉगमध्ये वर्षातून काही वेळा ऐकू येणारा आवाज आता घराघरांत पोहोचला. युक्रेनमध्ये १८८२ साली जन्मलेले योसेले रोझेनब्लाट १९१२ मध्ये अमेरिकेस गेले आणि न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील सिनेगॉगचे हझान झाले. १९१८ मध्ये शिकागोच्या ऑपेरा मंडळीने त्यांना एका प्रयोगास एक हजार डॉलर देऊ केले. शब्बाथला प्रयोग नाही, दाढी काढण्याची सक्ती नाही, अशा सवलतीही मान्य झाल्या. तरीही त्यांनी नकार दिला. पुढे एका वृत्तपत्राच्या व्यवहारात ते कर्जबाजारी झाले आणि देणी फेडण्यासाठी त्यांना करमणुकीच्या रंगमंचावर गावे लागले. मात्र तेथेही प्रार्थनेचे पावित्र्य त्यांनी जपले. १९२७ च्या ‘द जॅझ सिंगर’ या चित्रपटात ते स्वतःच्याच भूमिकेत दिसतात. पण ‘कोल निद्रे’ गाण्यास त्यांनी नकार दिला आणि प्रार्थनेबाहेरचे एक गीत गायिले. १९३३ मध्ये जेरुसलेम येथे त्यांचे निधन झाले.

वॉर्सा येथील भव्य सिनेगॉगचे हझान गेरशोन सिरोटा यांना ‘ज्यू कारूसो’ म्हटले जाई. परदेश दौऱ्यांनी त्यांना जगभर कीर्ती मिळवून दिली होती. १९४३ मध्ये वॉर्साच्या घेट्टोत कुटुंबासह त्यांचा अंत झाला आणि त्याच वर्षी १६ मे रोजी नाझी सैन्याने ते सिनेगॉग स्फोटाने उडवून दिले. पूर्व युरोपात लहान मुले ‘मेशोरेर’ म्हणून हझानाच्या मागे उभी राहून वर्षानुवर्षे शिकत असत. गुरूच्या घरी राहून विद्या घेण्याची ही पद्धती त्या गावांबरोबर नाहीशी झाली. ध्वनिमुद्रिका राहिल्या, परंतु तीन-चार मिनिटांच्या मुद्रिकेत संपूर्ण नुसाह मावत नाही.

ही पोकळी भरून काढण्यासाठी अमेरिकेत विद्यालये निघाली. न्यूयॉर्कमध्ये हिब्रू युनियन कॉलेजने १९४८ मध्ये, ज्यूइश थिऑलॉजिकल सेमिनरीने १९५२ मध्ये हझानांसाठी स्वतंत्र शिक्षण सुरू केले. पहिल्या संस्थेतून १९७५ मध्ये बार्बरा ऑस्टफेल्ड या पहिल्या महिला कँटर म्हणून बाहेर पडल्या. दुसरीने १९८७ मध्ये महिलांना ही पदवी दिली. परंपरानिष्ठ पंथाला हे आजही मान्य नाही. दुसरा आक्षेप अधिक जुना आहे. तान साधण्यासाठी प्रार्थनेतील शब्द पुन्हा पुन्हा उच्चारणाऱ्या हझानांना अनेक धर्मपंडितांनी खडसावले आहे. हा आक्षेप निराधार नाही, कारण काही ध्वनिमुद्रिकांत शब्दांपेक्षा गळाच अधिक ऐकू येतो. उलट उपस्थितांनी सर्व काही एकत्र गावे या अलीकडील आवडीमुळे एकट्या हझानाचे दीर्घ गायन ऐकण्याची सवयच कमी झाली आहे.

विद्यार्थ्याने प्रारंभी मोठ्या गायकांच्या रचनांच्या मागे लागू नये, हा सल्ला सर्वमान्य आहे. आधी हिब्रू अक्षरे आणि अर्थ, मग साध्या दिवसाच्या प्रार्थनेचा नुसाह, नंतर शब्बाथचा आणि सर्वात शेवटी योम किप्पूरचा, असा क्रम घ्यावा. स्वरलिपीची पुस्तके उपलब्ध आहेत. तथापि लय शब्दांच्या ओघाने बदलत असल्याने प्रत्यक्ष प्रार्थनेत बसून ऐकण्याला पर्याय नाही.

युरोपाबाहेरील परंपरा तितक्याच समृद्ध आहेत. सीरियातील हालेब शहरातून आलेले ज्यू प्रत्येक शब्बाथसाठी त्या आठवड्याच्या तोराहपाठाला अनुरूप असा अरबी मकाम निवडतात. शोकासाठी हिजाझ, आनंदासाठी अजम, सुंतेच्या प्रसंगाशी निगडित पाठासाठी सबा, असे संकेत आहेत. जेरुसलेममधील अदेस सिनेगॉगमध्ये हिवाळ्यातील शब्बाथच्या रात्री, पहाटेपूर्वी, ‘बक्काशोत’ गीते गाण्याची प्रथा प्रसिद्ध आहे. अब्राहम त्स्वी इडेलसोन या हझान-संशोधकाने येमेन, इराक, इराण, मोरोक्को आदी समुदायांच्या चाली लिहून घेतल्या आणि १९१४ ते १९३२ या काळात दहा खंडांत प्रसिद्ध केल्या.

भारतातही ही परंपरा आहे आणि तिचा मराठीशी थेट संबंध आहे. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून कोकणात ‘शनिवार तेली’ या नावाने ओळखले गेलेले बेने इस्राएली मातृभाषा म्हणून मराठीच बोलत. त्यांचे मुंबईतील पहिले सिनेगॉग सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ मध्ये उभारले. समाजात ते ‘जुनी मशीद’ म्हणून ओळखले जाते. हिब्रू प्रार्थना आणि त्यांच्या चाली शिकविण्यासाठी कोचीनहून ज्यू शिक्षक आले. पुढे बगदादी ज्यूंचाही प्रभाव पडला. त्यामुळे येथील प्रार्थनेची रीत सेफार्दी वळणाची आहे आणि न्यूयॉर्कच्या ध्वनिमुद्रिकांतील हुंदका तिच्यात शोधू नये. १८८० च्या सुमारास याच समाजाने बायबलमधील कथांवर मराठी कीर्तने रचून ती वाद्यांच्या साथीने सादर केली. सिनेगॉगमध्ये वर्ज्य असलेली पेटी तेथे चालत असे.

१९४८ नंतर या समाजातील बहुसंख्य कुटुंबे इस्रायलला स्थलांतरित झाली असून भारतात काही हजार लोक उरले आहेत. परंपरेनुसार सामूहिक प्रार्थनेसाठी किमान दहा प्रौढ पुरुष उपस्थित असावे लागतात. कोकणातील लहान सिनेगॉगमध्ये ही संख्या जमणेच कठीण होऊन बसले आहे. नियुक्त हझान नसेल तेथे समुदायातील एखादा जाणकार सदस्य पुढे उभा राहतो आणि वडिलांकडून ऐकलेल्या चालीत प्रार्थना सुरू करतो.