घरीं आलेला निशाचर अतिथि

गेल्या माघांत एके दिवशीं सकाळीं आमच्या जुन्या घराच्या माळ्याखालीं गव्हाणी घुबडाचें एक पिल्लूं पडलेलें आढळलें. घरांत एकच गलबला उडाला. वडीलधाऱ्या बायकांनीं तो अपशकुन मानिला, सुनांनीं वाटींत दूध आणिलें आणि नातवंडांनीं पिंजऱ्याचा हट्ट धरिला. भय, दया व हौस या तिन्ही वृत्ति एकाच अंगणांत प्रगट झाल्या. आणि त्या जीवास तिहींपासूनही धोका होता!

प्रथम भय. ज्यास आपण अशुभ म्हणतों, तेंच घुबड बंगालमध्यें लक्ष्मीचें वाहन म्हणून आदरिलें जातें. त्याचें मुख्य भक्ष्य उंदीर. तेव्हां धान्याच्या कोठीचा हा बिनवेतनी राखणदारच म्हणावयाचा.

आतां दया. पक्षी सस्तन नव्हे. त्यास दूध पचत नाहीं. चोंचींत पाणी ओतल्यास तें श्वासनलिकेंत जाऊन प्राणावर बेततें. पूर्वीं एका साळुंकीच्या पिल्लास आम्हीं असेंच ममतेनें पाणी पाजिलें, आणि तें आमच्या हातांतच गेलें. हें येथें कबूल करणें प्राप्त आहे. अज्ञानाची दयाही हिंसाच होय. खोक्यास भोंकें पाडून, तळाशीं सुती फडकें अंथरून पिल्लूं अंधारांत निवांत ठेवावें आणि जाणत्यास बोलवावें, हीच पहिली शुश्रूषा.

तिसरी हौस. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें असा प्राणी घरीं पाळतां येत नाहीं. तो हातीं आल्यास ४८ तासांच्या आंत वन अधिकाऱ्यास अथवा पोलीस ठाण्यास कळवावें लागतें. हा केवळ सरकारी दंडक नव्हे. माणसाच्या हातून खाण्याची संवय जडलेल्या पिल्लास पुढें रानांत पोट भरणें कठीण जातें.

आम्हीं वनखात्यास कळविलें. पशुवैद्यांनीं पिल्लूं तपासून तें धडधाकट असल्याचें सांगितलें, आणि वनरक्षकाच्या देखरेखीखालीं तें सायंकाळीं माळ्यावरील घरट्यांत परत ठेविलें. माणसाचा स्पर्श झालेलें पिल्लूं आईबाप टाकून देतात, ही समजूत खोटी आहे. रात्रीं पिल्लांचे फुसकारे ऐकूं आले आणि पांढऱ्या पंखांची सावली निःशब्द आंत शिरली.

आपल्या पंचमहायज्ञांत भूतयज्ञ सांगितला आहे. त्यांत आपण बलि ठेवून मागें सरतों. ज्याचा त्यानें तो येऊन घ्यावा. प्राणिमात्रांशीं वागण्याचें सारें मर्म या मागें सरण्यांत आहे. साह्य करावें, परंतु स्वामित्व सांगूं नये.

चैत्रांत माळा झाडावयाची आमच्या घरची रीत. यंदा पिल्लें उडेपर्यंत ती पुढें ढकलावी, असें सुचविलें तें आमच्या वृद्ध वहिनींनीं. अपशकुन झाला म्हणून प्रथम कपाळास हात लावणाऱ्या त्याच!