विजेवरील बसगाड्या : देखभालीचा खर्च घटतो की जागा बदलतो?

बंगळुरू-म्हैसूर मार्गावर कर्नाटक राज्य मार्ग परिवहन महामंडळाने जानेवारी २०२३ मध्ये विजेवर धावणारी आंतरशहर बससेवा सुरू केली. या गाड्यांना धूर नाही, आवाज नाही आणि देखभालही स्वस्त, असे सांगितले जाते. यातील शेवटचा दावा मात्र तपासून पाहण्याजोगा आहे.

डिझेल बसला ठरावीक अंतरानंतर इंजिन ऑईल, फिल्टर, क्लच आणि इंजेक्टरवर खर्च करावा लागतो. विजेच्या बसमध्ये हे भाग नसतात. वेग कमी करताना मोटरच जनित्राचे काम करून बॅटरीत वीज परत भरते. त्यामुळे ब्रेक लायनर कमी झिजतात. मात्र बॅटरीच्या वजनाचा भार टायरवर पडतो आणि वातानुकूलन, दरवाजे, कॉम्प्रेसर यांची निगा पूर्वीप्रमाणेच राखावी लागते.

खरा प्रश्न बॅटरीचा आहे. तिची क्षमता मूळच्या ७० ते ८० टक्क्यांवर आली की सर्वसाधारणपणे ती बदलण्याचा विचार करावा लागतो. उष्णता आणि वारंवार जलद चार्जिंग यामुळे ही वेळ लवकर येते. म्हैसूरचे सौम्य हवामान या दृष्टीने नागपूरच्या उन्हाळ्यापेक्षा अनुकूल म्हणावे लागेल. थोडक्यात, दरमहाच्या लहान खर्चांची जागा काही वर्षांनी येणारा एकच मोठा खर्च घेतो.

हा खर्च कोणी सोसायचा, हे करार ठरवतो. प्रति किलोमीटर दराच्या पद्धतीत गाडीची खरेदी व देखभाल खासगी कंपनी करते आणि महामंडळ धावलेल्या अंतराचे पैसे देते. २०२२ मध्ये बंगळुरूसह पाच शहरांसाठी ५,४५० बसगाड्यांची एकत्रित निविदा निघाली, तेव्हा १२ मीटर लांबीच्या बससाठी किमान दर ४३.४९ रुपये आला. पुढील अनेक वर्षांची दुरुस्ती अशा दरातच गृहीत धरलेली असते. अंदाज चुकला किंवा देयके थकली, तर गाड्या आगारातच उभ्या राहतात आणि त्याची झळ प्रवाशांना बसते.

चालकरहित वाहनांनाही हाच न्याय लागू पडतो. इन्फोसिसच्या म्हैसूर येथील अभियंत्यांनी बनवलेली चालकरहित गोल्फ कार्ट जुलै २०१७ मध्ये चर्चेत आली होती. अशा वाहनात चालकाचे वेतन वाचते. पण कॅमेरे व संवेदक स्वच्छ ठेवणे, त्यांची अचूकता तपासणे, संगणकप्रणाली अद्ययावत करणे आणि दुरून लक्ष ठेवणे, यांसाठी कुशल मनुष्यबळ लागतेच.

म्हणूनच गाडीच्या किमतीइतकेच महत्त्व करारातील बॅटरीविषयक अटींना आणि उच्च दाबाच्या विजेवर काम करू शकणाऱ्या यांत्रिकांच्या प्रशिक्षणाला द्यावे लागेल.