पल्सार-निरीक्षण : रेडिओ दूरदर्शकाची संवेदनक्षमता
पल्सारकडून येणारा किती क्षीण रेडिओ संदेश दूरदर्शकास गोंगाटातून ओळखता येतो, याचे माप. ते जान्स्की या एककात (१०⁻²⁶ वॉट प्रती चौ. मी. प्रती हर्ट्‌झ) देतात. अतिदीप्त नवताऱ्याच्या अवशेषात पल्सार आढळला नाही, एवढे विधान या मापावाचून निरर्थक ठरते. तेथे पल्सारच नाही की दूरदर्शक तोकडा पडला, हे कळत नाही.

आकाश, जमीन व ग्राही यांचा एकत्रित गोंगाट तापमानाच्या रूपात मांडतात. ओळखण्याजोगा किमान संदेश या तापमानाच्या सम प्रमाणात, तर संग्राहक क्षेत्रफळाच्या आणि निरीक्षणकाल व पट्टरुंदी यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असतो. म्हणजे चौपट वेळ देऊन संवेदनक्षमता दुप्पटच होते. प्रत्यक्ष मापनात दूरदर्शक ज्ञात तीव्रतेच्या उद्‌गमावर व नंतर लगतच्या रिकाम्या आकाशावर रोखून फरक पाहतात.

पल्सारच्या बाबतीत स्पंदाची रुंदीही महत्त्वाची असते. सरासरी तीव्रता तीच असता, आवर्तकालाच्या ५% रुंदीचा स्पंद ५०% रुंदीच्या स्पंदापेक्षा चौपटीहून अधिक ठळक दिसतो. आंतरतारकीय इलेक्ट्रॉनांमुळे कमी कंप्रतेचे तरंग उशिरा पोहोचून स्पंद पसरट होतो. म्हणून पट्टाचे अरुंद भाग पाडून प्रत्येकातील विलंब भरून काढतात.

पुणे जिल्ह्यातील खोडद येथील जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोपात ४५ मी. व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. त्यांचे संदेश कला जुळवून मिळविल्यास संवेदनक्षमता एका तबकडीच्या ३० पट, तर केवळ शक्तींची बेरीज केल्यास सु. ५·५ पट होते. तथापि पहिल्या रीतीत एका वेळी आकाशाचा फारच लहान भाग दिसतो. त्यामुळे स्थान माहीत असलेल्या पल्सारसाठी ती उत्तम असली, तरी विस्तृत शोधास दुसरी सोयीची पडते.