नंबरप्लेटच्या पैशातून घाटाचा रस्ता होईल काय?



गेल्या काही बैठकांत एकच विषय निघतोय. काही तरुण सभासदांचं म्हणणं असं, की आपल्या गाड्यांना मासा आणि होडीचं चित्र असलेली खास नंबरप्लेट मिळावी, तिच्यासाठी आपण थोडे जादा पैसे भरू आणि ते पैसे पाण्यापर्यंत जाणाऱ्या रस्त्याला लागावेत. कल्पना चांगल्या मनातून आली आहे. घाटावरून डांबरी रस्त्यापर्यंत क्रेट आणताना पावसाळ्यात काय हाल होतात ते आपल्याला ठाऊक आहे. गाडी रुतली की बर्फ वितळतो, आणि बाजारात पोचेपर्यंत व्यापारी भाव पाडून मोकळा होतो. म्हणून या विषयाचा हिशेब नीट मांडतोय.

अमेरिकेत अशा प्लेट आहेत. फ्लोरिडा राज्यात १९९० पासून मॅनेटी म्हणजे समुद्रगाईचं चित्र असलेली प्लेट मिळते. गाडीवाला जादा पैसे भरतो, ते त्या प्राण्याच्या रक्षणासाठी ठेवलेल्या निधीत जातात. कायद्यानंच तशी सोय केली आहे.

आपल्याकडं तशी सोय नाही. प्लेटचा आकार, रंग, अक्षरं हे सगळं केंद्राच्या मोटार वाहन नियमांत ठरलेलं आहे. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना हाय सिक्युरिटी प्लेट सक्तीची आहे. बेळगावची केए-२२ असो, चिकोडीची केए-२३ असो की पलीकडं कोल्हापूरची एमएच-०९, चित्राला कुठंच जागा नाही.

आपल्याकडं विकला जातो तो आवडीचा नंबर. महाराष्ट्रानं २०२४ मध्ये चारचाकीच्या ०००१ नंबरची फी ३ लाखांवरून ५ लाख केली, मुंबई-पुण्यासारख्या ठिकाणी ६ लाख. केरळात २०२५ मध्ये एर्नाकुलमला ०००७ हा नंबर लिलावात सुमारे ४६ लाखांना गेला. मग हा पैसा जातोय कुठं? तो राज्याच्या तिजोरीत जातो. पगार, पेन्शन, कर्जाचं व्याज, शाळा, दवाखाने, रस्ते, सगळं त्याच पोत्यातून. चिकोडीला नंबर विकला म्हणून निपाणी भागात खडी पडत नाही. कोगनोळीच्या नाक्यावर भरलेला टोलसुद्धा महामार्गाचा, आपल्या पाणंदीचा नव्हे.

आता समजा, कायदा बदलला आणि अशी प्लेट मिळाली. ३०० गाड्यांनी वर्षाला ५०० रुपये जादा भरले तर १ लाख ५० हजार होतात. प्लेट आणि कारभाराला रुपयामागे २० पैसे धरले तर उरले १ लाख २० हजार. त्यात मुरूम टाकून खड्डे बुजतील, पण एक किलोमीटर डांबरी रस्त्याला कित्येक लाख लागतात.

याहून मोठी गोम पुढंच आहे. समजा, पंचायतीनं त्या रस्त्याला ४ लाख ठेवले होते. आपले १ लाख २० हजार येणार हे कळलं, की ती २ लाख ८० हजारच ठेवणार आणि उरलेले दुसरीकडं वळवणार. रस्त्याला मिळाले पूर्वीइतकेच ४ लाख. आपला खिसा मात्र हलका झाला. वर "तुमचा वेगळा निधी आहे की" हे ऐकून घ्यायचं!

रस्त्यासाठी वेगळा पैसा ठेवणं चूक आहे असं आम्ही म्हणत नाही. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या समितीच्या शिफारशीवरून १९२९ मध्ये पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे जादा घेऊन केंद्रीय रस्ते निधी सुरू झाला. २००० साली त्याला नव्यानं कायद्याचा आधार मिळाला आणि डिझेलवरच्या उपकरातून ग्रामसडक योजनेला पैसा आला. तिथं सगळ्यांकडून थोडंथोडं घेतलं, म्हणून रक्कम उभी राहिली. तो उपकर आपण पिकअपमध्ये डिझेल भरताना आजही देतोच. म्हणजे रस्त्यासाठी आपण एकदा पैसे भरलेले आहेत. परत भरण्याआधी त्यातला वाटा मागायला हवा.

त्यासाठी तीन गोष्टी करूया.

एक, घाटाचा रस्ता कुणाच्या वहीत आहे ते शोधायचं. ग्रामपंचायत, जिल्हा पंचायत की पाटबंधारे खातं? ज्याच्या वहीत रस्ता नाही, तो त्यावर खर्च टाकूच शकत नाही. माहिती अधिकारात अर्ज केला तर ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अर्ज कन्नडमधून लिहून द्यायला सोसायटीत मदत मिळेल.

दोन, ग्रामसभेला जायचं, बायकांनी तर नक्कीच, कारण मासळी विकायला डोक्यावर पाटी घेऊन त्याच रस्त्यानं त्या जातात. रस्त्याचं नाव आणि लांबी घालून ठराव मांडायचा आणि पीडीओंकडून त्याची प्रत घ्यायची. वित्त आयोगाच्या पैशातला काही भाग पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला असतो, उरलेल्यातून रस्ता मागता येतो.

तीन, रस्त्यामुळं माल खराब झाला की तारीख, किलो आणि पडलेला भाव वहीत लिहून सोसायटीत द्यायचा. "लई नुकसान होतंय" म्हटलं की साहेब मान डोलावतात. लिहिलेला आकडा समोर ठेवला की त्यांना उत्तर द्यावं लागतं.

गाडीवर मासा रंगवायची हौस असेल तर मागच्या फळीवर रंगवा, प्लेट तेवढी सोडा. तिच्यावर चित्र काढलं तर दंड होतो, आणि तो पैसासुद्धा तिजोरीतच जातो.

आपला,
सचिव