विश्वकोश आणि दुर्बीण : लेखनक्रमाचा एक प्रश्न

कोलकात्याच्या बागबाजार भागात विश्वकोश लेन नावाची एक गल्ली आहे. नगेंद्रनाथ बसू यांनी तडीस नेलेल्या बंगाली 'विश्वकोशा'चे स्मरण त्या नावात आहे. या कोशाचे बावीस खंड १९११ साली पूर्ण झाले. वर्णानुक्रमाने खंड काढल्यामुळे संपादकाचे आणि मुद्रकाचे काम एका दिशेने पुढे सरकते. वाचकाची स्थिती मात्र निराळी असते. संगीताविषयीचे सर्व काही ज्याला हवे, त्याला रागांची, वाद्यांची आणि गायकांची नावे खंडोखंडी धुंडाळावी लागतात. डॉ. केतकरांच्या 'महाराष्ट्रीय ज्ञानकोशा'त पहिले पाच प्रस्तावनाखंड विषयवार आहेत आणि त्यानंतर वर्णानुक्रम सुरू होतो. एकाच ग्रंथात दोन क्रम योजावे लागले, यावरून एक गोष्ट ध्यानात येते : ज्या क्रमाने लिहिणे सोयीचे, त्याच क्रमाने वाचणे सोयीचे असेलच असे नाही. विज्ञानातील प्रचंड फाइली लिहिण्याच्या वेगाचा प्रश्न मुळात हाच आहे. साहित्याच्या अभ्यासकांना तो समजावून देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

उदाहरण पुणे जिल्ह्यातील खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीचे घेऊ. तेथे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. प्रत्येक तबकडीच्या संकेताचा इतर प्रत्येकीच्या संकेताशी मेळ घातला जातो. अशा जोड्या ४३५ होतात. वारंवारतेच्या २०४८ पट्ट्या आणि ध्रुवणाच्या दोन दिशा धरल्या, आणि प्रत्येक नोंदीला ८ बाइट दिले, तर एका क्षणाची नोंद सुमारे १ कोटी ४२ लाख बाइटांची होते. दर दोन सेकंदांनी अशी एक नोंद घेतली, तर आठ तासांच्या निरीक्षणाची फाइल २०५ गिगाबाइटांच्या घरात जाते. हा हिशेब केवळ दृष्टांतादाखल आहे.

ही सामग्री संगणकाच्या फिरत्या चकतीवर कशी उतरते? चकतीवरील लेखनशीर्षाला एका जागेवरून दुसऱ्या जागी जाऊन स्थिरावण्यास सुमारे शंभरांश सेकंद लागतो. एकदा जागा सापडली, की सलग लेखन सेकंदाला १५० मेगाबाइट या वेगाने होऊ शकते. म्हणजे वरील फाइल सलग लिहिली तर सुमारे तेवीस मिनिटे पुरतात. तीच चार-चार हजार बाइटांच्या तुकड्यांनी, दर वेळी नव्या जागी जाऊन लिहिली, तर जवळजवळ सहा दिवस लागतील. सामग्री तीच, यंत्रही तेच. फरक केवळ क्रमाचा. ज्यांत हलणारे शीर्ष नाही अशा नव्या साठवण-साधनांत हे अंतर पुष्कळ कमी होते, पण बारीकसारीक तुकड्यांनी लिहिण्याची किंमत तेथेही चुकत नाही.

तेव्हा निरीक्षण जसजसे होते तसतसे, काळाच्या क्रमाने सलग लिहीत जाणे हा सर्वांत जलद मार्ग. परंतु खगोलशास्त्रज्ञाला पुढे एकेका वारंवारतेचे चित्र हवे असते. काळक्रमाने लिहिलेल्या फाइलीत एक पट्टी वाचायची तर १४,४०० ठिकाणी थांबावे लागते. सर्व २०४८ पट्ट्या अशा एकेक करून वाचल्या, तर नुसत्या धावपळीतच तीन दिवसांहून अधिक काळ जातो. लेखकाने वाचवलेला वेळ येथे वाचक फेडतो.

यावरचा उपाय खंड पाडण्याचा. १९९८ पासून प्रचारात असलेल्या एचडीएफ-५ या फाइलरचनेत तो सहज साधता येतो. साठ क्षण आणि चौसष्ट पट्ट्या यांची एक चौकट धरून ती चकतीवर एकत्र ठेवली, तर ६४ पट्ट्यांसाठी केवळ २४० खंड वाचावे लागतात आणि साऱ्या पट्ट्यांचे वाचन अर्ध्या तासाच्या आत आटोपते. मात्र असा खंड पुरा भरेपर्यंत साठ क्षणांची, म्हणजे दोन मिनिटांची, नोंद संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीत थांबून राहते. त्या अवधीत वीज गेली तर ती दोन मिनिटे कायमची गेली. किंबहुना 'लिहून झाले' असे संगणक सांगतो, तेव्हाही मजकूर पुष्कळदा स्मृतीतच असतो. तो चकतीवर उतरेपर्यंत थांबण्याची आज्ञा वेगळी द्यावी लागते, आणि ती वारंवार दिली की लेखनाचा वेग मंदावतो. लेखनाचा वेग, वाचनाची सोय आणि मजकुराची सुरक्षितता या तिन्ही गोष्टी एकाच वेळी पूर्णांशाने मिळत नाहीत. कोणती किती सोडायची हे आधी ठरवावे लागते.

हा प्रश्न आपल्यालाही परका नाही. भारतीय भाषांतील हस्तलिखिते आणि नियतकालिके यांची छायाप्रतिमांकने आज ठिकठिकाणी होत आहेत. पाने यंत्राखाली ज्या क्रमाने येतात त्याच क्रमाने ती साठवणे सर्वांत सोपे, आणि म्हणून बहुधा तेच केले जाते. पण उद्याचा अभ्यासक एखादा शब्द शंभर पोथ्यांत शोधू पाहील, किंवा एका ओवीचे सर्व पाठभेद शेजारी शेजारी मांडू पाहील, तेव्हा त्याला प्रत्येक पोथी नव्याने उघडावी लागेल. निरीक्षण पुन्हा घेता येईल. झिजलेली पोथी पुन्हा यंत्राखाली ठेवता येईलच असे नाही. म्हणून साठवणीचा क्रम ठरवण्याच्या बैठकीत तंत्रज्ञांइतकेच पाठचिकित्सकांनीही बसले पाहिजे, आणि ते पहिले पान टिपले जाण्यापूर्वी.