तुकाराम महाराजांचा स्वप्नोपदेश

स्वप्नोपदेश (अथवा स्वप्नानुग्रह) म्हणजे संत तुकाराम (इ.स. १६०८–१६५०) यांना त्यांचे गुरू बाबाजी चैतन्य यांच्याकडून स्वप्नात मिळालेला मंत्रोपदेश होय. बाबाजींची समाधी पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुक्यात ओतूर येथे, मांडवी नदीकाठच्या कपर्दिकेश्वर मंदिराच्या परिसरात आहे. जागेपणी ज्यांची भेट झाल्याचा उल्लेख नाही अशा पुरुषास गुरू मानणे आणि स्वप्नातील प्रसंगास दीक्षेचे प्रामाण्य देणे, यामुळे हा प्रसंग वारकरी संप्रदायाच्या इतिहासात आणि स्वप्न व सत्य यांच्या विचारातही महत्त्वाचा ठरतो.

अभंगातील वृत्तान्त

या प्रसंगाचे मुख्य साधन तुकारामांचा स्वतःचा एक अभंग आहे. गुरूंनी कृपा केली, पण आपल्याकडून त्यांची काहीच सेवा घडली नाही, अशी खंत त्यात आरंभी व्यक्त होते. गंगास्नानास जात असता वाटेत गुरू भेटले व त्यांनी मस्तकावर हात ठेवला. भोजनासाठी त्यांनी पावशेर तूप मागितले, पण स्वप्नात त्याचा विसर पडला. काही अंतराय आल्याने गुरूंनी जाण्याची त्वरा केली. जाण्यापूर्वी त्यांनी राघव चैतन्य आणि केशव चैतन्य ही परंपरेची खूण सांगितली, आपले नाव बाबाजी असे सांगितले आणि ‘रामकृष्णहरी’ हा मंत्र दिला. माघ शुद्ध दशमी, गुरुवार, असा दिवसही अभंगात नोंदवलेला आहे. वर्ष मात्र दिलेले नाही. अभ्यासकांनी तिथी व वार यांचा मेळ घालून ते ठरवण्याचा प्रयत्न केला. परंतु ही दशमी गुरुवारी येणारी वर्षे अनेक असल्यामुळे त्यांत एकमत नाही.

पावशेर तुपाचे टीकाकारांनी निरनिराळे आध्यात्मिक अर्थ लावले आहेत. तथापि हा तपशील शब्दशः घेतला तरी पुरेसा बोलका आहे. मागणीचे नेमके माप लक्षात आहे, मागितलेली वस्तू देण्याचे मात्र राहून गेले, हा अनुभव स्वप्न पाहणाऱ्या कोणालाही ओळखीचा वाटेल. केवळ गौरवासाठी रचलेल्या कथेत शिष्याचा असा विसर सहसा येत नाही.

बाबाजी चैतन्य कोण?

सांप्रदायिक परंपरेनुसार ओतूर येथील समाधी शके १४९३ (इ.स. १५७१) मधील आहे. हा काल ग्राह्य धरल्यास तुकारामांच्या जन्मापूर्वीच बाबाजी समाधिस्थ झाले होते, आणि गुरु-शिष्यांची भेट स्वप्नाखेरीज अन्य मार्गाने संभवतच नव्हती. केशव चैतन्य व बाबाजी चैतन्य ही एकाच व्यक्तीची नावे आहेत, असे ओतूरच्या परंपरेत मानले जाते. उलट तुकारामांच्या शिष्या संत बहिणाबाई यांनी आपली गुरुपरंपरा सांगताना राघव, केशव आणि बाबाजी यांचा क्रमाने स्वतंत्र उल्लेख केला आहे. बहिणाबाई तुकारामांच्या समकालीन असल्याने त्यांच्या साक्षीला अधिक वजन द्यावे लागते. नामसाधर्म्यावरून या मालिकेचा संबंध बंगालच्या चैतन्य महाप्रभूंशी जोडण्याचा प्रयत्नही झाला आहे. पण ‘चैतन्य’ हे शांकर परंपरेतील ब्रह्मचाऱ्यांचेही उपनाम असल्यामुळे केवळ नावावरून तसा निष्कर्ष काढता येत नाही.

स्वप्नाचे प्रामाण्य

मराठीत ‘दृष्टांत’ या शब्दाचे दोन अर्थ रूढ आहेत: मत पटवण्यासाठी दिलेले उदाहरण, आणि देव किंवा संत यांनी स्वप्नात येऊन दिलेला आदेश. वेदान्तात स्वप्न पहिल्या अर्थाने येते. गौडपादांच्या माण्डूक्यकारिकांतील ‘वैतथ्य’ प्रकरणात स्वप्नातील पदार्थांप्रमाणे जागृतीतील पदार्थही मिथ्या ठरवले आहेत. जागृतीतील वस्तू उपयोगी पडतात, म्हणून त्या खऱ्या, या आक्षेपास तेथे असे उत्तर दिले आहे की, तो उपयोग स्वप्नात टिकत नाही. पोटभर जेवून निजलेला मनुष्यही स्वप्नात भुकेला असू शकतो. शंकराचार्यांनी मात्र ब्रह्मसूत्रभाष्यात बौद्ध विज्ञानवादाचे खंडन करताना भेद दाखवला: स्वप्नातील ज्ञान जागे होताच बाधित होते, जागृतीतील ज्ञान तसे होत नाही.

ही कसोटी स्वप्नोपदेशास लावली असता प्रसंगाचे दोन भाग पडतात. वाट, भोजन व तूप ही जाग येताच संपली. मंत्र मात्र बाधित झाला नाही. तो जागेपणी जपता आला आणि आजही वारकरी कीर्तनात उच्चारला जातो. अर्थात यावरून मंत्राचे सातत्य सिद्ध होते, भेटीची ऐतिहासिकता नव्हे. तुकारामांचा समकालीन फ्रेंच तत्त्वज्ञ रने देकार्त याने १६१९ च्या नोव्हेंबरमधील एका रात्री पडलेल्या तीन स्वप्नांना आपल्या कार्याची दिशा मानले होते, आणि त्यानेच पुढे १६४१ च्या ग्रंथात, झोप व जागृती ओळखण्याची निश्चित खूण कोणती, हा प्रश्न उपस्थित केला. तुकारामांनी तसा प्रश्न येथे विचारलेला नाही; त्यांनी तिथी आणि वार नोंदवला.

अन्य स्वप्ने

पांडुरंगासह नामदेव स्वप्नात आले व त्यांनी कवित्व करण्याची आज्ञा दिली, असे तुकारामांनी दुसऱ्या अभंगात सांगितले आहे. त्यापूर्वी संत एकनाथांना ज्ञानेश्वरांनी स्वप्नात येऊन आळंदीच्या समाधीत अजानवृक्षाची मुळी कंठास लागल्याचे सांगितले होते, अशी कथा आहे. एकनाथांनी पुढे शके १५०६ (इ.स. १५८४) मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. बहिणाबाईंना कोल्हापुरात असताना तुकारामांचा अनुग्रह स्वप्नातच झाला. तुकाराम तेव्हा हयात होते व नंतर देहू येथे बहिणाबाईंना त्यांचे प्रत्यक्ष दर्शनही घडले. पिंपळनेरचे निळोबाराय यांना मात्र तुकारामांच्या निर्याणानंतर उपदेश मिळाल्याचे मानले जाते.

देहूजवळील भंडारा डोंगरावर माघ शुद्ध दशमीस अनुग्रहदिनाचा सोहळा होतो. ओतूर येथे मोठी यात्रा श्रावणी सोमवारी, कपर्दिकेश्वराची भरते. त्या वेळी मंदिरात कोरड्या तांदळाच्या पिंडी रचल्या जातात.