भिंतीची भेग : विसार देण्याआधी

जुने घर विकत घ्यायला निघालेला माणूस आधी खोल्या मोजतो, मग नळ-विहीर पाहतो आणि लगेच किमतीच्या घासाघिशीला बसतो. भिंतीकडे लक्ष जाते ते रंगापुरते. श्रोतेहो, पहिले घर घेणारा शिक्षक भविष्यनिर्वाह निधीतले पैसे काढून येतो, शेतकरी कधी बायकोचे दागिने मोडून येतो. विसार देण्यापूर्वी त्याने एक सबंध दिवस भिंती पाहण्यात घालवला, तर तो वाया गेला असं कोण म्हणेल?

गिलाव्यावर केसासारख्या बारीक, जाळीदार रेघा दिसल्या तर खुशाल सोडून द्या. सिमेंटचा गिलावा वाळताना आकसतो. वर पुरेसे पाणी मारलेले नसले की अशा रेघा पडतात. बोटाने ठोकून पाहा. पोकळ आवाज आला तर गिलावा सुटला आहे, तो खरवडून नवा करावा लागेल, इतकंच.

तिरकी भेग मात्र नीट पाहावी. खिडकीच्या कोपऱ्यातून वर तिरपी गेलेली, किंवा विटांच्या सांध्यांतून पायऱ्यापायऱ्यांनी चढलेली भेग बहुधा पाया एका बाजूला खचल्याची खूण असते. मराठवाडा, विदर्भ, खानदेश, सोलापूर या भागांतल्या काळ्या जमिनीत हे फार. ही माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात रानातल्या भेगांत हात जातो, हे शेतकऱ्याला मी काय सांगावं! तीच माती घराखालीही असते. पाया मुरुमापर्यंत नेलेला नसेल तर भिंत दरवर्षी थोडी वरखाली होत राहते. म्हणून जमलंच तर असं घर दोनदा पाहावं, एकदा ऐन वैशाखात आणि एकदा पावसाळा सरताना. भिंतीशी सांडपाणी मुरतंय का, जवळ वड-पिंपळ आहे का, तेही पाहावं.

भेग जुनी की ताजी? जुन्या भेगेत धूळ, कोळिष्टकं, कधी आधीचा रंग सापडतो. ताजीच्या कडा धारदार आणि आतून स्वच्छ असतात. एक मिलिमीटरच्या आतली भेग रंगाबरोबर बुजते. पाच मिलिमीटरपर्यंतची भरून काढता येते. पंधराच्या पुढे गेली तर भिंतीचा तेवढा भाग उतरवून पुन्हा बांधायची तयारी ठेवावी. ती वाढतेय का हे कळायला पातळ काचेची पट्टी भेगेवर आडवी धरून दोन्ही टोकं सिमेंटने पक्की करतात आणि शेजारी तारीख लिहितात. काही महिन्यांत काच तडकली, तर भिंत अजून हलते आहे. विकणारा इतके दिवस थांबत नाही, हे खरं. मग निदान शेजाऱ्यांना विचारा.

दगडमातीच्या जुन्या घराची गोष्ट वेगळी. तिथे भिंत दोन-अडीच फूट जाड असते, पण ती दोन थरांची. मध्ये माती नि दगडगोटे भरलेले. थरांना एकत्र धरणारे आरपार लांब दगड घातलेले नसले, तर बाहेरचा थर सुटून फुगतो. ‘भिंतीला पोट आलं’ असं गवंडी म्हणतात ते हेच. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात अशाच भिंती आणि त्यांच्यावरची जड माळवदं झोपलेल्या माणसांवर कोसळली. सुमारे आठ हजार माणसं गेली. तेव्हा भिंत जाड आहे म्हणून भुलू नका, ओळंबा सोडून पाहा. पोट दिसलं, किंवा कोपऱ्यात दोन भिंतींमध्ये वर रुंद होत गेलेली उभी फट दिसली, तर अभियंत्याला दाखवल्याशिवाय विसार देऊ नका.

स्लॅबच्या घरात छताकडे मान वर करा. गळतीने सळई गंजते, गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो आणि खालचे काँक्रीट फोडतो. सळईच्या रेषेत सरळ धावणारी भेग आणि तांबूस डाग ही त्याची ओळख. खांबावर असं दिसलं तर गोष्ट अधिक गंभीर.

आणि चार भिंती जुन्या, एकच नुकती रंगवलेली असली तर का, ते विचारा. कपाट सरकवायला सांगा, संकोच कशाला? दुरुस्तीचा अंदाज आपल्या ओळखीच्या गवंड्याकडून कागदावर लिहून घ्या आणि तेवढी रक्कम किमतीतून वजा मागा.